सारखं बसणारं मागचं चाक: मुलुंडच्या एका लेडीज सायकलचं प्रकरण

पार्श्वभूमी

सायकल आमच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंची. कोण, कुठली बिल्डिंग, कुणाकडे कामाला जातात हे सगळं गाळलंय किंवा बदललंय, बाकी जे झालं ते जसंच्या तसं लिहितोय. मी काही सायकल मेकॅनिक नाही, पण नळ, पंखा, दाराची कडी, सायकल असलं काही बिघडलं की लोक आधी माझी बेल वाजवतात, घरात पाना-पक्कड असते म्हणून असेल.

ताई मुलुंड पूर्वेला पोळी-भाजीची कामं करतात. चार घरं. पहिल्या घरी सकाळी सहाच्या ठोक्याला पोचावंच लागतं कारण तिथल्या नवरा-बायको दोघांना डबा घेऊन लोकल पकडायची असते, मग स्टेशनकडचं एक, मिठागर रोडकडचं एक आणि शेवटचं हायवेच्या बाजूचं. एवढा फेरा रोज रिक्षाने मारला तर कमाईतला मोठा तुकडा मीटरलाच जाणार, आणि पायी केला तर चारातलं एक घर सोडावं लागणार. म्हणजे सायकल बंद पडली की एका घराचा पगार गेला, हिशोब इतका सरळ.

सायकल साधी लेडीज, सेकंडहँड, पुढे बास्केट, मागे कॅरिअर, चेनला पूर्ण झाकणारं कव्हर, गिअर वगैरे काही नाही. कॅरिअरवर बऱ्याचदा दळण असतं, कारण दोन घरांचं दळण आणायचं कामही ताईंनीच घेतलंय, म्हणजे एका वेळी दहा-बारा किलो तर सहज. टायर २६ बाय १ ३/८. हा आकडा मुद्दाम लिहितोय, पुढे कामाला येणार आहे.

अडचण

गणपतीच्या आधीपासून मागचं चाक सारखं बसायला लागलं. एकदम फटकन नाही, रात्री हवा बरी असायची आणि सकाळी साडेपाचला जिन्याखाली बघावं तर टायर जमिनीला टेकलेला. मग ताई पायी धावत पहिल्या घरी जाणार, परत येताना सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या चाचांकडे नेणार, चाचा पंक्चर काढून देणार, आठवडा-दहा दिवस बरे जाणार की परत तेच. पंक्चरचे चाळीस रुपये ही रक्कम मोठी नाही, पण सकाळचा उशीर महाग पडत होता. पहिल्या घरच्या बाईंनी एकदा "ताई, असं असेल तर आम्हाला दुसरं बघावं लागेल" असं बोलूनही दाखवलं.

आता दोष कुणाला द्यायचा? पहिला नंबर अर्थात रस्त्याचा. काँक्रीटीकरणासाठी जिथे तिथे खोदून ठेवलेलं, खिळे, तारा, पेव्हर ब्लॉकचे तुकडे, त्यामुळे पंक्चर होणारच असं सगळ्यांनी धरून टाकलं. दुसरा नंबर ट्यूबचा. चाचा म्हणाले ट्यूब जुनी झालीय, नवी टाकली, दोन-तीन आठवडे छान गेले आणि मग नव्या ट्यूबचंही तेच सुरू झालं.

आणि तिसरा नंबर लागला दुसऱ्या मजल्यावरच्या पोराचा. हा मुलगा सहावी-सातवीतला, एकदा कुणाच्या तरी स्कूटरची हवा सोडताना सापडला होता, त्यामुळे संशय त्याच्यावर जाणं साहजिक होतं. ताईंनी त्याच्या आईला जिन्यातच गाठलं. मग दोघींचं चांगलंच वाजलं, वहिनी म्हणाल्या माझ्या मुलाला चोर ठरवता का, आणि दोन दिवसांनी सोसायटीच्या फळ्यावर "जिन्याखाली सायकली लावू नयेत" अशी सूचना लागली. ती सूचना वहिनींच्या तक्रारीवरून लागली असं ताईंचं म्हणणं, सेक्रेटरी म्हणतात तसं काही नाही. असो. एका भोकावरून प्रकरण इथपर्यंत आलं तेव्हा ताईंनी माझी बेल वाजवली.

आधी काय काय तपासलं

सायकल उघडायच्या आधी मला एकच जाणून घ्यायचं होतं, की हवा आपोआप जातेय की कुणी सोडतंय. त्यासाठी पाना लागत नाही. ताईंना म्हटलं, आज हवा भरून घ्या आणि सायकल वर नेऊन घरात ठेवा, दार बंद. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय सायकल नेणं म्हणजे वैताग, पण त्यांच्या मुलाने आणि मी मिळून चढवली. सकाळी बघितलं तर चाक बसलेलं. म्हणजे पोरगा सुटला.

खरं तर ही एवढी परीक्षा भांडणाच्या आधी झाली असती तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं, पण भांडताना हे कुणाला सुचतं.

मग वॉल, म्हणजे जिथून हवा भरतो तो. या सायकलला जुन्या पद्धतीचा वॉल आहे, ज्यात आत एक बारीक रबरी नळी असते, वॉल ट्यूब म्हणतात ती. ती कडक झाली किंवा फाटली की तिथून हळूहळू हवा जाते, आणि लक्षणं अगदी हीच, रात्री ठीक आणि सकाळी बसलेलं. म्हणून आधी बोटाला थुंकी लावून वॉलच्या तोंडावर धरली, बुडबुडा काही आला नाही. तरी खात्रीसाठी वॉल ट्यूब बदलली, किंमत अगदी किरकोळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणजे वॉलही सुटला, उरली ट्यूब.

ताईंना इथे जरा कंटाळा आला. त्यांना वाटलं होतं मी लगेच काहीतरी करीन आणि मी आपला एकेक आरोपी सोडत बसलोय. पण जिचं आधीच पाच-सहा वेळा पंक्चर काढलंय त्या सायकलला आणखी एक पंक्चर काढून देण्यात काही अर्थ नव्हता.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी ताई, त्यांचा मुलगा आणि मी असे चहा पीत बसलो आणि काय काय करता येईल ते बोललो. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं होतं.

मुलाचं म्हणणं, ही सायकल भंगारात द्या आणि नवी घ्या, हप्त्यावर. साधी नवी लेडीज सायकल सहा-सात हजारांच्या पुढे, आणि त्याला तर गिअरवाली हवी होती, म्हणजे सुट्टीच्या दिवशी ती कोण चालवणार हे उघडच होतं. ताईंनी एका वाक्यात विषय संपवला, "चाक बसतंय, सायकल नाही बसली."

ट्यूबमध्ये ओतायचं पंक्चर जेल हा दुसरा पर्याय, मुलाने मोबाईलवर बघितलेला. हे जेल काम करतं, नाही असं नाही. पण चाक फिरताना ते बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या आतून पसरतं, आणि तिथे खिळा-काटा घुसला तर ते भोक बुजवतं. भोक जर रिमच्या बाजूला असेल तर जेल तिथे टिकत नाही. आणि भोक कुठल्या बाजूला होतंय हे तर आम्हाला अजून माहीतच नव्हतं. टायरच्या आत घालायच्या पट्टीचंही तेच, ती फक्त रस्त्याच्या बाजूने वाचवते.

नवीन टायर हा तिसरा. जुना टायर घासला होता पण इतकाही नाही, मधली नक्षी दिसत होती. इथे मला एक भीती होती. मुलगा म्हणाला २६ चा टायर आहे ना, माझ्या मित्राकडे २६ चा पडलाय जाडावाला, तो बसवू. तो बसणार नाही. २६ बाय १ ३/८ आणि माउंटन सायकलचा २६ बाय १.९५, दोन्हींवर २६ लिहिलेलं असलं तरी रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास वेगळा, पहिल्याचा ५९० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ५५९. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ३७-५९० असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला शेवटचा आकडा जुळला पाहिजे, इंचाचा नाही. ट्यूब रबराची असल्यामुळे थोडंफार चालवून घेते, टायर घेत नाही.

मागचं अख्खं चाकच बदलायचं, हाही एक पर्याय होता. नवी रिम, नव्या तारा म्हणजे स्पोक, मजुरी धरून हजाराच्या आसपास. हा मी मनात राखून ठेवला, कारण तारा गंजलेल्या दिसत होत्या. आपल्याकडची हवाच अशी, त्यात पावसाळाभर सायकल ओली होऊन जिन्याखाली वाळते.

आणि शेवटचा, ज्याला पैसे जवळजवळ लागणार नव्हते पण वेळ लागणार होता: मागचं चाक पूर्ण काढायचं, टायर पूर्ण उतरवायचा, आणि भोक कुठे आहे ते डोळ्यांनी बघायचं.

हे ऐकून ताई म्हणाल्या, "चाचांनी इतक्या वेळा उघडलंच की." तर नाही. पंक्चर काढताना मागचं चाक कुणीच काढत नाही. टायरची एक बाजू लिव्हरने रिमबाहेर काढतात, ट्यूब ओढून बाहेर घेतात, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यातून फिरवतात, बुडबुडे दिसले की सुकवून, घासून, सोल्यूशन लावून पॅच, ट्यूब परत आत आणि हवा. सगळं चाक सायकललाच असताना. यात रिमचा आतला भाग धड दिसतच नाही, एका बाजूने टायर अजून चढलेलाच असतो. आणि मागचं चाक काढणं म्हणजे त्याच एका नटाखाली कॅरिअरचा पाय, मडगार्डची तार, स्टँड, सगळं अडकलेलं, वर चेनकव्हरचा मागचा तुकडा सोडवायचा. चाळीस रुपयांत हे कोण करेल, आणि का करेल.

हाच पर्याय धरला. मुख्य कारण हे की बाकीच्या प्रत्येक पर्यायाला आधी हे माहीत असायला हवं होतं की भोक टायरच्या बाजूने पडतंय की रिमच्या.

काय केलं

रविवार दुपार ठरली, ताईंना त्या दिवशी दोनच घरं असतात. आदल्या रात्री मागच्या दोन्ही नटांवर थोडं रॉकेलसारखं पातळ गंज काढायचं तेल सोडून ठेवलं, नाहीतर गंजलेला नट जोर लावून फिरवला की एक्सलचे आटे जातात आणि मग खरंच चाक बदलायची वेळ येते. दुपारी नट गपचूप सुटले.

वायसर, कॅरिअरचा पाय, मडगार्डची तार कुठल्या क्रमाने बसलंय त्याचा आधी मोबाईलवर फोटो काढला, दोन्ही बाजूंचा. ट्यूब काढायच्या आधी आणखी एक केलं: टायरवर कंपनीचं जे नाव छापलंय तिथे वॉल कुठे येतोय ते बघितलं आणि खडूने खूण केली. मग ट्यूब काढली, तर बाहेर आल्यावर ती टायरच्या शेजारी जशीच्या तशी ठेवता आली, कुठली बाजू डावी कुठली उजवी हे न विसरता.

खरं उत्तर इथेच मिळालं, पाण्यात बुडवायच्याही आधी. ट्यूबवर चाचांनी लावलेले तीन पॅच होते. तिन्ही एकमेकांना खेटून, एक तर दुसऱ्यावर अर्धा चढलेला, वॉलपासून साधारण दोन वितींवर. आणि तिन्ही ट्यूबच्या पोटाकडच्या बाजूला, म्हणजे रिमकडे, रस्त्याकडे एकही नाही. नवीन भोक घमेल्यात शोधलं, ते पण त्याच घोळक्यात, शेवटच्या पॅचच्या कडेला.

रस्त्यावरच्या खिळ्याला कसं कळणार की दर वेळी त्याच दोन वितींवर आणि तेही आतल्या बाजूनेच घुसायचं? ट्यूबवरच सगळं लिहिलेलं होतं, कुणी वाचलं नव्हतं.

मग रिम बघितली. वॉलच्या भोकापासून दोन विती मोजल्या आणि तिथे बोट फिरवलं. रिमवरची रबरी पट्टी कडक होऊन चिरली होती, हात लावला तर तुकडा पडला, आणि त्या चिरेतून एका तारेचं टोक वर आलेलं, निपलच्या, म्हणजे तार रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाच्या, डोक्याच्या वर दोन-तीन मिलिमीटर, टोकाला धार. बाकी तारांची टोकं निपलच्या आत होती. खालून बघितलं तर बाकी सगळ्या तारा गंजून तपकिरी आणि ही एक चकचकीत.

ताईंना दाखवलं तेव्हा त्यांना लगेच आठवलं. "ती तार तुटली होती ना गणपतीच्या आधी, दळण आणताना, खड्ड्यात गेली तेव्हा. चाचांनी तिथल्या तिथे घालून दिली, पाच मिनिटांत." आणि बरोबर त्यानंतरच पंक्चर सुरू झाली होती, फक्त दोन गोष्टींचा संबंध कुणी जोडला नव्हता, कारण मधे दोन-तीन आठवडे बरे गेले होते.

मधे ते आठवडे बरे का गेले याचंही कारण आहे. पट्टी थोडी शाबूत होती तोपर्यंत टोक तिच्याखाली दबून होतं. कॅरिअरवर वजन घेऊन खड्ड्यातून जाताना ट्यूब त्या टोकावर दाबली जाणार, सुटणार, परत दाबली जाणार, असं करत आधी पट्टी चिरली आणि मग ट्यूबला सुईएवढं भोक. सुईएवढंच, म्हणून हवा रात्रभर हळूहळू जायची आणि सगळ्यांना वाटायचं की रात्री कुणीतरी सोडली.

आता उपाय. टोक कापायला कटर वापरायचा नाही असं ठरवलं, दाबून कापलं की टोक चेपून आणखी धार येते. कानस घेतली, रिमवर आजूबाजूला फडकं अंथरलं म्हणजे लोखंडाचा चुरा आत राहणार नाही, आणि हळूहळू घासून टोक निपलच्या डोक्याच्या बरोबरीला आणलं. मग कापसाचा बोळा घेऊन पूर्ण रिम आतून फिरवली, जिथे काही टोचरं असेल तिथे कापसाचे धागे अडकतात, बोटापेक्षा कापसाला जास्त कळतं. आणखी एका निपलची कड थोडी खरखरीत निघाली, तीही घासली. तोच बोळा टायरच्या आतूनही फिरवला, तिथे काही नव्हतं. रस्ता निर्दोष, निदान या प्रकरणात.

रिमच्या पट्टीवरून थोडा वाद झाला. मुलगा म्हणाला घरात काळी इन्सुलेशन टेप आहे ना, तीच गुंडाळू. ती चालत नाही. उन्हात आणि ब्रेकच्या गरमीत तिचा गोंद वितळतो, टेप सरकते, आणि चिकट लगदा होऊन तारांची टोकं परत उघडी पडतात. कापडी रिम टेप मिळते पण रविवारी दुपारी दुकान बंद. मग चाचा लोक वर्षानुवर्षं जे करतात तेच केलं, ताईंच्या जुन्या टाकून दिलेल्या ट्यूबची रिमच्या रुंदीची एक लांब पट्टी कापली, दोन टोकं सोल्यूशनने जोडून गोल केली आणि ताणून रिमवर बसवली, वॉलसाठी भोक पाडून. ट्यूबचं रबर मूळ पट्टीपेक्षा जाड असतं आणि फुकट.

भोकाला पॅच लावला. पॉलिश पेपरने घासून, सोल्यूशनचा पातळ थर, आणि तो ओला असताना पॅच न दाबता पूर्ण सुकेपर्यंत थांबून. घाई इथेच होते सगळ्यांची, ओल्या सोल्यूशनवर पॅच लावला की दोन दिवसांत सुटतो. टायर चढवताना शेवटचा भाग हाताने ढकलला, लिव्हर लावला नाही, लिव्हरने ट्यूब चिमटली जाते आणि मग नवीनच भोक.

चाक परत बसवताना चेन ताणून नट आवळले, चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली केलं तर अर्ध्या इंचाच्या आसपास खेळ ठेवला. चाक थोडं आउट होतंच, डावीकडे लचकत होतं, म्हणून नव्या तारेच्या आजूबाजूच्या निपल पाव-पाव फेरा फिरवून जेवढा आउट निघाला तेवढा काढला. पूर्ण नाही निघाला, गंजलेल्या निपलना जास्त जोर दिला असता तर तुटल्या असत्या.

चाचांशी बोलणं

हा भाग टाळता आला असता, पण ताई रोज त्यांच्याच कोपऱ्यावरून जातात आणि त्यांच्याशिवाय दुसरा पर्यायही नाही जवळपास. सोमवारी ट्यूबचा कापलेला जुना तुकडा घेऊन गेलो, ज्यावर आधीचे पॅच होते, आणि दाखवला. ते बघूनच हसले. म्हणाले, डाव्या बाजूची तार होती, फ्रीव्हील, म्हणजे मागचं दातेरी चाक, काढायची गरज नव्हती, टायरपण न उघडता जुन्या निपलमध्येच नवीन तार फिरवून दिली, त्यांच्याकडे त्या वेळी एकाच लांबीची होती. "टायर काढून टोक घासायचं असतं, माहीत आहे मला. पण बाई म्हणाल्या लवकर करा, आणि तार घालायचे किती देणार? वीस रुपये?"

मला त्यांचं पटलं. त्या वेळी ताईंना पाच मिनिटांत सायकल हवी होती आणि मिळाली. फक्त त्याच वेळी "नंतर एकदा टायर उघडून टोक बघून घ्या" एवढं एक वाक्य बोललं गेलं असतं तर बरं झालं असतं. आणि पुढे पंक्चर काढताना तेच भोक तिथेच परत येतंय हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं, हेही खरं. पण त्यांच्याकडे दिवसाला कितीतरी ट्यूबा येतात, कुठली कुणाची लक्षात राहणार. लक्षात राहण्यासारखी ती ट्यूब फक्त ताईंसाठी होती आणि ताईंना ती कधी दाखवलीच गेली नाही, काळ्या पाण्याच्या घमेल्यातून निघून थेट टायरमध्ये.

गळक्या नळाचं अगदी हेच होतं. वायसर बदलत राहतात, दर दोन महिन्यांनी परत ठिबकतो, आणि आत नळाची जी बैठक असते ती घासून खरखरीत झालेली असते आणि दर नवीन वायसर तीच खाते. वायसर विकणारा खोटं बोलत नसतो, पण नळ उघडून आत बोट घालायला कुणी सांगत नाही.

निष्पत्ती

त्यानंतर त्या ठिकाणी पंक्चर झालेलं नाही. हायवेच्या सर्व्हिस रोडवर एकदा झालं, फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली बारीक तार घुसली होती, ती टायरमधून आरपार दिसत होती. या वेळी ताईंनी स्वतः चाचांना सांगितलं की ट्यूब टायरजवळच धरा, भोक कुठे आहे ते मला बघू दे. रस्त्याच्या बाजूला होतं, मग त्या निश्चिंत. तार पक्कडने उपटली आणि काम झालं. ती तार तशीच टायरमध्ये ठेवून नुसता पॅच मारला असता तर परत तेच चक्र.

पहिलं घर टिकलं. हप्त्याची सायकल आली नाही, मुलगा अजून नाराज आहे.

वहिनींचं प्रकरण मात्र काही धड मिटलेलं नाही. ताई जाऊन बोलल्या, तुमच्या मुलाचं काही नव्हतं, सायकलचीच तार होती. वहिनी "बरं" म्हणाल्या, एवढंच. त्यांचा मुलगा मात्र आता जिन्यात सायकलला हात लावून मुद्दाम विचारतो, "ताई, हवा बघू का?" फळ्यावरची सूचना अजून तिथेच आहे आणि सायकली पण तिथेच आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

तार तुटली त्या दिवशी, हा पहिला टप्पा. तेव्हा शंभर-दीडशे देऊन चाक उघडून योग्य लांबीची तार घातली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण रस्त्यात दळण घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे सांगणं सोपं नाही, मी पण तेव्हा तिथल्या तिथेच घालून घेतली असती. तिथल्या तिथे घालून घेणं चूक नव्हतं, नंतर न उघडणं चूक होतं.

दुसरा टप्पा, दुसऱ्यांदा पंक्चर झालं तो. एकदा पंक्चर होणं हा योग, त्याच चाकाला लवकर परत झालं की भोक बघायचंच. कुठे आहे, वॉलपासून किती वितींवर, रिमकडे की रस्त्याकडे. दोन भोकं जवळजवळ समोरासमोर असतील तर हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली, तिथे टायर बदलून काही होत नाही, हवा भरत राहावी लागते. या सायकलच्या टायरवर ५० पीएसआय, म्हणजे हवेचा दाब, छापलंय आणि वजन घेऊन जायचं असेल तर त्याच्या जवळपास ठेवायला हवी, पण या जुन्या वॉलवर गेज नीट चालत नाही, म्हणून ताई अंगठ्याने दाबून बघतात, आणि दळण असेल त्या दिवशी जास्त घट्ट ठेवतात.

तिसरा, नवी ट्यूब घातली तेव्हाचा. माझ्या मते सगळ्यात जास्त वाया गेलेली संधी हीच, कारण ट्यूब बदलायची म्हणजे वॉल काढून पूर्ण ट्यूब बाहेर येते आणि रिम अर्धी तरी उघडी असते. जुन्या ट्यूबवरचे पॅच बघायला दहा सेकंद लागले असते. ती ट्यूब ताईंनी गाठ मारून पाण्याच्या ड्रमला बांधायला ठेवली होती, आम्ही नंतर बघितलं तर तिच्यावरही पॅच त्याच जागी.

आणि पोरावर आरोप. सायकल एक रात्र घरात ठेवणं एवढंच करायचं होतं.

एक गोष्ट अजून बाकी आहे. मधे एक तार परत तुटली, या वेळी उजवीकडची, फ्रीव्हीलच्या बाजूची, जिथे हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, तार वाकते तिथेच. गंजलेल्या चाकात एक तार गेली की शेजारच्यांवर ताण येतो आणि मग एकामागून एक जातात, म्हणजे ही शेवटची नाही. ताईंनी चाचांना स्पष्ट सांगितलं, टायर उतरवा, फ्रीव्हील काढा, टोक घासून मला दाखवा, किती होतील ते आधी सांगा. दीडशे झाले. अख्ख्या चाकाचे हजार आत्ता नाहीत, दिवाळीचा बोनस दोन घरांकडून येतो तेव्हा बघू असं ठरलंय, तोपर्यंत दळण पुढच्या बास्केटमध्ये आणि मागे फक्त पिशवी.